कडू ज्वारीचा माणूस

वडूजला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे, ज्वारीच्या संशोधन प्लॉटवर कामाला. नव्वद सालानंतरची गोष्ट ही. बोलताना बोटाला सारखी सुतळी गुंडाळायचे. रानज्वारीशी संकर करून त्यांनी कोवळा पोंगा पोखरणाऱ्या खोडमाशीला दाद न देणारी ज्वारी काढली होती, पण दाणा कडू. दर सुगीला नव्या झाडांचं ओंजळभर पीठ घेऊन यायचे. "आक्का, एक भाकरी थापा." आणि तो कडू घास शांतपणे चावत बसायचे.

"आवं, कडूपना तेवढा काढा की!" मी एकदा म्हटलं.

त्यांनी सुतळी आवळली. "फुलात परागकण धरताना आईबापाच्या गुणांच्या धाग्यांची अदलाबदल होती, आक्का. पन धागा सैल असंल तितंच. आपले दोन्ही गुण, माशीला दाद न देनं आन कडूपना, घट्ट गुंडाळीत शेजारी बसल्यात. तिच्यावर रासायनिक खुणा हायत, त्या तिला सुटू देत न्हाईत. तरी एखादं गोड दान्याचं झाड निघंल."

शेवटच्या सुगीला त्यांच्या खात्याचे वरचे साहेब तपासणीला आले. दाणा कडू निघाला तर प्लॉट बंद होणार होता. मी गरम भाकरी पुढं ठेवली, तर साहेबांचा गुरुवारचा उपास!

"तुम्हीच खा. सांगाल ते वर कळवतो."

मी हळूच म्हटलं, "बरी हाय म्हना, भाऊ."

त्यांनी घास लय वेळ चावला.

"कडू हाय, साहेब."

साहेब गेल्यावर मी चिडले, तर म्हणाले, "आक्का, लोकांनी खायची हुती ती."

पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टर आला. नांगर कुठनं घालायचा, ते त्यांनीच पुढं होऊन दाखवलं.