मागीलदार नसलेला रस्ता

नावडता विषय निघाला की मी मागीलदारी जाते. माझी जुनी सवय. मागीलदार म्हणजे घरामागची जागा: विहीर, न्हाणी, केळी, चार माड. तिथे कामाला कधी तोटा नसतो. आत माणसं बोलून थकली की मी ओले हात पुसत परत येते, तोवर विषय बदललेला असतो. लग्न होऊन विजयदुर्गाजवळच्या या घरात आल्यापासून कितीतरी भांडणं मी अशी न भांडता जिंकले आहे.

लेकाला हे पुरतं ठाऊक. म्हणूनच, आम्ही दोघं ऑस्ट्रेलियात त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने वाळवंटातली ही गाडीची सहल काढली, असं माझं ठाम मत आहे. सून आणि नातू घरीच राहिले. लेक गाडी चालवायला, हे त्याच्या शेजारी आणि मी मागे, नातवाच्या रिकाम्या खुर्चीजवळ. मागची दारं आतून उघडत नव्हती. नातू चालत्या गाडीत दाराशी खेळतो म्हणून ती तशी लावून ठेवलेली.

पहिल्या दिवशी मी मजेत होते. तांबडी माती बघून म्हटलंसुद्धा, "ही तर आपलीच माती!" पण आपल्याकडे जांभा दगडाच्या फटीतूनही काजू वर येतो, इथे गुडघ्याएवढी करडी झुडपं आणि वर नुसतं आभाळ. हायवेवरच्या तळेऱ्याहून घरी येताना वळणावळणाला मला मळमळतं, मुठीत लिंबू धरून बसते. इथे एक वळण नाही आणि तरी मी पिशवीत लिंबू शोधायला लागले. वळणापलीकडे काहीतरी असतं हो, एखादं देऊळ, कोणाची तरी म्हैस. इथे पुढे तेच, मागे तेच. मध्येच आगगाडीसारखे डबे जोडलेला ट्रक आमची गाडी हलवून जायचा आणि मग तोही दिसेनासा व्हायचा. फोनला रेंज नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन निघालो आणि लेकाने विषय काढला.

"आये, आता तुमी दोगांनी हयच ऱ्हवाचा. परत जावचा नाय."

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"आये, तुज्याशी बोलतंय."

"आयकतंय मी," म्हटलं आणि हात सवयीने दाराकडे गेला. दार कुठलं उघडायला! उघडलं असतं तरी जाणार होते कुठे? लेक आरशातून बघत होता. हसला. मला असा राग आला म्हणून सांगू, पिंजऱ्यात घालून इथवर आणलं होतं मला!

मग तो सुरूच झाला. घराला कुलूप लावू, बाग चुलत्यांकडे देऊ, गणपती त्यांच्याकडेच बसेल. एखादी खुर्ची या खोलीतून त्या खोलीत ठेवावी तसं गणपतीचं बोलला.

"तुज्या बापाशीक इचार," मी म्हटलं. मला खात्री होती. परक्या घरात ज्या माणसाला झोप लागत नाही, तो काय इथे राहणार?

हे समोर बघत होते. म्हणाले, "येवच्या आदी मी देवाक कौल लावलंय. उजवो दिल्यान."

आमच्याकडे घरातला कुठलाही मोठा निर्णय ग्रामदेवाला विचारून होतो. गुरव देवाच्या पाषाणावर भिजवलेल्या पाकळ्या लावतो, मनातलं विचारायचं, आणि उजवी पाकळी पडली की होकार. त्यावर मग कोणी बोलत नाही. म्हणजे ह्यांनी मला न सांगता देवळात जाऊन माझं घर सोडवून टाकलं होतं. मला रडू येत होतं आणि रडायलाही आडोसा नव्हता.

दुपारी एक पेट्रोलपंप आला. लेक तेल भरायला उतरला. हे खाली उतरले, वळले आणि त्यांनी माझं दार बाहेरून उघडलं. मी त्यांच्याकडे न बघता तडक दुकानाच्या मागे गेले. मागे दोन गॅसच्या टाक्या, दोरीवर वाळत टाकलेली फडकी आणि तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे थेट आभाळापर्यंत रिकामं. हातात घ्यावं असं एक काम नव्हतं. माश्या तोंडावर बसत होत्या. मी ती फडकी काढली आणि घड्या घालायला लागले.

हे मागून आले.

"देवाक काय इचारल्यात?" मी विचारलं.

"पावसात माज्या छातीत दुखला तेवा तळेऱ्याच्या डॉक्टरापर्यंत गाडयेत तुजो हात धरून बसलंय. मी गेलंय तर हिका थंय कोण, ह्याच मनात. म्हणान इचारलंय, लेकाकडे ही बरी ऱ्हवतली काय."

राग कुठे गेला कळलंच नाही. स्वतःबद्दल त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

मग मीही सांगून टाकलं. "मीय कौल लावलंय. दोगांय परत घराक येतलंव काय म्हणान. माकाय उजवोच."

ते बघतच राहिले. "त्याच गुरवाकडे?"

"मग आणि खंय?"

"आणि तेणां माका सांगूक नाय!"

आम्ही दोघं तिथे कुंपणाला धरून हसलो. परक्या दुकानाची फडकी माझ्या काखेत. देवाने दोघांनाही होय म्हटलेलं, आता खोटं कोणाला पाडायचं? हसता हसता ते म्हणाले, "तुजोच खरो. घराक जावया." इतक्या सहज म्हणाले की मला बरं वाटलं नाही. पण मी ते घेतलं. लेकाला सांगितलं, तर तो पुढचा सगळा रस्ता धुमसत होता.

आम्ही परत आलो. गणपती आमच्याच घरात, फळापानांनी सजवलेल्या माटवीखाली बसला. हे आता निवांत असतात, ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतात, भरपूर झोपतात. आपण गेलो तर हिचं काय, हे भय त्यांनी त्या कुंपणापाशी उतरवून ठेवलं, आणि मी ते फडक्यांसारखं घडी घालून काखेत घेऊन आले.

मागीलदारी मी अजूनही जाते. पण विहिरीत कळशी सोडली की हात थांबतो. वळून हाक मारते, "आसात मा?"

"आसंय गो."

मग कळशी ओढते. भरून झाली की पुन्हा हाक मारते.