बुजवलेले घाव

जुन्या ट्रकांचे फोटो जमवणारी माणसं निरुपद्रवी असतात, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या ग्रुपवर एक दिवस काढून दाखवावा. आम्ही तीसेक जण. बरेचसे निवृत्त ड्रायव्हर, चार-दोन मिस्त्री, आणि माझ्यासारखे काही, ज्यांना साधी स्कूटर धड चालवता येत नाही, पण लांब नाकाची जुनी गाडी फोटोत दिसली की जीव कासावीस होतो. एका गाडीची बॉडी कुठल्या सुतारानं बांधली यावरून आमच्यातल्या एकानं दुसऱ्याच्या डोक्यात पाना घातला होता. तीन टाके पडले. टाके घालून घेता घेता जखमी गडी ग्रुपवर लिहीत होता, ‘तरीबी बॉडी कामठीचीच आहे.’

मी या मंडळींचा डॉक्टर. सक्करदऱ्यात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो काढून पोट भरतो आणि उरलेला वेळ म्हाताऱ्या ट्रकांवर उधळतो. वाळवीनं खाल्लेले, ओल लागून फुगलेले, घडीवर चिरलेले फोटो लोक आणून देतात. मी ते स्कॅन करतो आणि संगणकावर एकेका डागाला गाठून ठार मारतो. शेजारचा स्वच्छ रंग उचलायचा, डागावर थापायचा, मुडदा गायब. या कामात मला एक रानटी आनंद मिळतो, आणि त्याच आनंदात मी एका माणसाची अब्रू पुसून टाकली.

तो माणूस म्हणजे आमचा सगळ्यात म्हातारा सभासद. वय अठ्ठ्याहत्तर, बांधा बाभळीच्या खोडासारखा, डोक्याला बारमाही दुपट्टा गुंडाळलेला. मी त्याला मनात बाभूळबुवा म्हणायचो. बोलायचा कमी. त्याच्या वाटचं बोलणं दुसरा एक म्हातारा करायचा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि आवाज भोंग्यासारखा. दोघंही तरुणपणी एकाच मालकाच्या गाड्या चालवत. बाभूळबुवानं त्या काळात एकदा ट्रक झाडावर घातला, मालकानं त्याला दारुडा म्हणून हाकललं, आणि त्याची गाडी मिळाली खर्रेवाल्याला. दर रविवारी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आमची बैठक भरे, आणि खर्रेवाला सुरू होई, “या झाडवाले! येताना कोनतं झाड तर नाही ना आडवं आलं?” सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि चांगला दिलखुलास हसायचो.

एक दिवस बाभूळबुवा स्टुडिओत आला आणि काचेत मढवलेला एक फोटो टेबलावर ठेवला. झाडाला नाक चेंगरून उभा असलेला ट्रक. फोटो काचेला चिकटून बसलेला, पिवळा पडलेला, चऱ्यांनी भरलेला.

“एकच आहे माह्याजवळ,” तो म्हणाला. “साफ करून दे. सारं चकाचक दिसलं पाहिजे.”

“काकाजी, काळजीच सोडा.”

काळजी त्यानं सोडली, शुद्ध मी सोडली. काचेवरूनच फोटो स्कॅन केला आणि दोन दिवस कत्तल मांडली. बुरशी मारली. घड्या मारल्या. ट्रकच्या समोरच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा होत्या, त्या पुसल्या. ड्रायव्हरच्या दारावर चार जाड तिरपे ओरखडे होते. मला वाटलं, फोटोच कुठेतरी खरवडला गेलाय. शेजारचा रंग उचलून चारही बुजवले. वर मूळ स्कॅनवरच नवं काम साठवलं. दोन फायली ठेवायची शिस्त मला आजही नाही. मग मूळ फोटो काचेपासून सोडवावा म्हणून पाण्यात भिजवला, तर चित्र साबणाच्या फेसासारखं सुटून वाहून गेलं आणि हातात कोरा कागद आला. मी म्हटलं, गेला तर गेला, नवा याच्यापेक्षा दसपट सुंदर आहे! म्हाताऱ्याला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून त्याला न दाखवताच शनिवारी तो ग्रुपवर टाकला.

धक्का बसला. पहिलं उत्तर खर्रेवाल्याचं होतं. ‘पाहा रे सारे! पन्नास वर्ष सांगून राहिला का दरवाज्यावर कुऱ्हाडी पडल्या म्हून. कुठं हायेत कुऱ्हाडी? दरवाजा त नवरीच्या गालावानी आहे. बेवडा तो बेवडाच.’

ठेल्यावर विषय झाडाचाच निघायचा; कुऱ्हाडींचं मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. दारावरचे ते चार ओरखडे डोळ्यांपुढे आले.

रविवारी बाभूळबुवा ठेल्यावर आला तो सरळ माझ्या अंगावर. माझी कॉलर धरून त्यानं मला बाकावरून उचललं.

“काहून पुसलं बे? कोनाचे पैसे खाल्ले?”

“काकाजी, मला वाटलं फोटोवरचे चरे...”

“फोटोवरचे चरे काढाले देल्ले होते, दरवाज्यावरचे नाही!”

त्यानं मला ढकललं. मी कांद्याच्या परातीत बसलो. तेवढ्यात खर्रेवाला खदखदून हसला, आणि ते त्याला महागात पडलं. म्हाताऱ्यानं उकळत्या तर्रीच्या तिखट रश्श्याची वाटी उचलून त्याच्या तोंडावर मारली. ती लाल लाट मी परातीत बसल्या बसल्या पाहिली. खर्रेवाला आंधळ्यासारखा ओरडत उठला आणि हाताला लागलं ते, म्हणजे लोखंडी स्टूल, गरगर फिरवू लागला. स्टूल आधी पोह्याच्या कढईला लागलं, मग एका निरपराध मिस्त्रीच्या गुडघ्याला, आणि तिसऱ्या फेरीत बाभूळबुवाच्या डोक्याला. दुपट्टा भिजून लाल झाला. तरी तो थांबेना. दोघं जमिनीवर लोळत होते, एकमेकांच्या तोंडात बोटं घालून गाल फाडत होते. दोघांचं मिळून वय दीडशेच्या वर. सहा जण लागले सोडवायला.

दवाखान्यात चला म्हटलं तर म्हातारा म्हणाला, “पहिले माहा फोटो दे.” म्हणून त्याला स्टुडिओत आणलं. मूळ फोटो वाहून गेल्याचं सांगितलं. त्यानं मूठ माझ्या टेबलाच्या काचेवर हाणली. काच फुटली, मूठही फुटली. मग तो खाली बसला आणि मी त्याचं डोकं धुवायला घेतलं. ताजी जखम वरवरची होती, पण पांढऱ्या केसांखाली माझं बोट एका जुन्या खाचेत गेलं. करंगळी आडवी मावेल एवढी लांब.

“हे काय, काकाजी?”

“पाचवी कुऱ्हाड.”

आणि तो पन्नास वर्षांचं सगळं बोलला. कापडाच्या गाठी भरल्या होत्या. भरदुपारी घाटाच्या वळणावर चौघांनी दगड लावून गाडी अडवली. त्यानं दार आतून धरून ठेवलं. कुऱ्हाडी दारावर पडल्या. मग समोरची काच फुटली आणि एका कुऱ्हाडीनं त्याचं डोकं गाठलं. डोळ्यांत रक्त उतरलं तसा त्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. “एकाची तंगडी चाकाखाली आली. तुरीची वाळली काडी मोडते ना, तसा आवाज आला. मंग मले काही दिसलंच नाही. झाडच लागलं.” ते पळाले, माल वाचला. मेव्हण्यानं दुसऱ्या दिवशी फोटोवाला आणला म्हणून तेवढा एक पुरावा राहिला; तोही पिवळा पडून घाव कुणाला ओळखू येईनात, म्हणूनच तो माझ्याकडे आला होता. डोकं फुटलेल्या ड्रायव्हरचा खर्च मालकाला नको होता. दारुडा म्हटलं की सुटला.

“अहो, मग ही खाच दाखवा ना सगळ्यांना!”

त्यानं माझ्याकडे मूर्खाकडे पाहावं तसं पाहिलं. “डोकं बेवड्याचंबी फुटते. दरवाजा काय दारू पिते?”

मी संगणक सुरू केला. तो शेजारी बसून बोटानं दाखवत गेला, आणि मी घाव घालत गेलो. पहिला दाराच्या मुठीच्या वर, तिरपा. दुसरा त्याला छेदून. “खोल. अखीन खोल. आतला पत्रा बाहेर आला होता.” मीही रंगात आलो. चौथा झाल्यावर मला राहवेना. नाट्य कमी पडतंय असं वाटून मी खिडकीखाली पाचवा सणसणीत घाव घातला. त्यानं माझ्या मनगटावर फाडकन मारलं.

“चार होते! पाचवी माह्या डोक्यात बसली, गाडीले नाही. मिटव.”

मिटवला. मग तो म्हणाला, “आता खाली लिही का हे तुया हातचं आहे.”

“काकाजी, लिहिलं तर पुरावा कसला राहील?”

“अन् नाही लिहिलं त मी खोटा ठरतो. लिही.”

लिहिलं. दारावर खरे चार घाव होते, मी ते फोटोवरचे चरे समजून पुसले, मूळ फोटो माझ्या हातून नष्ट झाला, हे घाव त्यांनी सांगितले तसे मी पुन्हा काढले आहेत. एवढं लिहिताना ग्रुपचा डॉक्टर तिथल्या तिथे मेला. टाकलं.

पुढच्या रविवारी म्हातारा डोक्याला पट्टी बांधून ठेल्यावर आला आणि उभाच राहिला. खर्रेवाल्याच्या चेहऱ्यावर तर्रीचे फोड होते. त्याच्या तोंडात खर्रा नव्हता. त्यानं मला विचारलं, “तू सोताच्या डोळ्यानं पायले? चार?”

“पाहिले आणि पुसले.”

त्यानं पोह्यांची प्लेट बाजूला सारली. “गाडी मले भेटली,” तो म्हणाला, “तवा तिचा ड्रायव्हरकडचा दरवाजा कोरा करकरीत होता. मालकानं नवा बसवला होता. नाकानं झाडाले धडकली गाडी. बाजूचा दरवाजा काहून बदलला असन, हे म्या कधी इचारलंच नाही. इचारलं असतं त गाडी सोडा लागली असती.”

“मंग?” बाभूळबुवानं विचारलं.

“मंग काय. नव्हता पेलेला तू.”

“जोरानं बोल.”

“नव्हता पेलेला!”

म्हाताऱ्यानं सगळ्या बाकांवरून एकदा नजर फिरवली. “त्या कोपऱ्यातल्याइले आयकू नाही गेलं. भट्टीचा आवाज होता.”

पोहेवाल्यानं हात पुसले आणि भट्टी बंद केली.