रोज पंक्चर होणारी सायकल

गेल्या मंगळवारी संध्याकाळी पुंडलिकनगरात, आमच्याच गल्लीत, एका टेम्पोच्या मागे मी सायकल धरून उभा होतो... आणि टेम्पोच्या पलीकडे माझ्याबद्दलच बोलणं चाललं होतं.

आधी सायकलचं सांगतो. ती माझ्या मुलाची. तो नोकरीला पुण्याला गेला, सायकल राहिली. मी ती रोज संध्याकाळी बाहेर काढतो, पण तिच्यावर बसत नाही... बसलो तर दुसऱ्या मिनिटाला गटारात सापडेन.

मला लहान मेंदूचा आजार आहे. पायांत ताकद भरपूर आहे, पण तोल सांभाळणारं खातं हळूहळू बंद पडत चाललंय. तो बरा होत नाही, एवढं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. शाळेत गणित शिकवायचो, फळ्यावर सरळ रेघ येईना तेव्हा नोकरी सोडली. आता तोंड धुताना एक हात बेसिनला धरून ठेवावा लागतो, कारण डोळे मिटले की मी कुठल्या बाजूला जाईन सांगता येत नाही. चहा अर्धाच कप मिळतो, उरलेला दुसऱ्या खेपेला.

या सगळ्याची सवय होते. सवय झाली नाही ती लोकांच्या नजरेची. झोकांड्या खाणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे एकच अंदाज बांधतात, आणि तो चुकीचा निघाला की मग 'बिचारे सर' सुरू होतं... त्यापेक्षा पहिला परवडला.

गेटपाशी पडून हनुवटीला टाके पडले तेव्हा बायकोनं, म्हणजे सुनंदानं, निकाल दिला. एक तर वॉकर घ्या, नाही तर मी सोबत येणार. पिशोरहून आलेल्या मेहुण्यानं वॉकर आणूनही ठेवला... पुढे दोन चाकं, मागे रबराचे पाय. मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालायला लागलो.

पण संध्याकाळची ती एक फेरी मला एकट्याला हवी होती. कोपऱ्यावरच्या जाधवकाकांच्या किराणा दुकानापर्यंत जायचं, दुधाची पिशवी घ्यायची आणि परत यायचं. दिवसभरात माझ्या मर्जीनं होणारी तेवढीच गोष्ट उरली होती.

मग सायकल सुचली. हँडल घट्ट धरलं की तोल राहतो, आणि सायकल हातात धरून चालणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. सुनंदाही, नाइलाजानं का होईना, तयार झाली.

जाधवकाका रोज विचारायचे, "काय सर, पंक्चर व्हय?" मी हो म्हणायचो. कधी चेन उतरलेली असायची, कधी ब्रेक लागत नसायचा. दोन वर्षं एकाच सायकलमागे एवढ्या भानगडी... तरी माझी खात्री होती की गल्लीला पत्ता नाही.

सायकल धोक्याची होती, हेही मला कळत होतं. उतारावर ती मला ओढत न्यायची. दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघं पडलोच, मी खाली आणि ती वर. शर्ट पेडलमध्ये अडकून फाटला, असं मी घरी सांगितलं.

तर मंगळवार. टेम्पोतून फरशा उतरवणं चाललं होतं आणि ड्रायव्हरनं गाडी अगदी कडेला, घरांच्या ओट्यांना चिकटवून लावली होती. मी नेहमी त्याच कडेनं जातो. मला सगळ्यात अवघड वळणं, म्हणून मागेच थांबून राहिलो. तेवढ्यात पलीकडून जाधवकाकांचा आवाज आला.

"गाडी पुढं घे रे. सरांचा यायचा टाइम झाला."

"जातील की साइडनं, सायकलच तर हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"सायकल चालवत नाय ते. तिला धरून चालतेत. तोल जातो त्यांचा, लई दिवसांपासून. ही कड आम्ही मोकळीच ठेवतो... आन् त्यांच्यापुढं काई बोलू नको."

मला आधी राग आला. मग लाज वाटली, कान गरम झाले. आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली... या कडेला कुणाची मोटरसायकल कधी उभी नसते. बांधकामाची वाळू नेहमी पलीकडच्या अंगाला पडते. दुकानाबाहेर एक जड बाक आलाय, त्यावर माझ्याशिवाय कुणी बसलेलं मला आठवत नाही. मी या सगळ्याला आपलं नशीब समजत होतो.

टेम्पो पुढे गेला. मी दुकानापाशी पोचलो. जाधवकाकांनी चेहऱ्यावर काहीही न दाखवता विचारलं, "काय सर, आज बी पंक्चर?"

मी हो म्हणालो. घरी येताना गेटपाशी मला रडू आलं... दोन वर्षं मी नेमकं कुणापासून काय लपवत होतो, तेच कळेना.

बुधवारी वॉकरवरचे टॉवेल काढले. सुनंदा बघत होती. तिनं गेट उघडून दिलं आणि आतच थांबली.

गल्लीत कुणी वळून बघितलं नाही... जरा ठरवूनच बघितलं नसावं. जाधवकाकांनी वॉकर वरपासून खालपर्यंत न्याहाळला, दुधाची पिशवी त्याच्या दांडीला अडकवली.

"याचं एक बरं हाय सर," ते म्हणाले, "पंक्चर व्हायची भानगड नाय."

मी त्या बाकावर बसून कितीतरी वेळ हसत होतो.

समोर आभार मानायला गेलो तर काका डाळीच्या भावावर येतील, म्हणून इथे लिहितोय. त्यांची सून फेसबुकवर आहे, ती वाचून दाखवेलच... काका, ती सायकल दोन वर्षांत एकदाही पंक्चर झाली नाही. तुम्हाला ते पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी तुम्ही रोज विचारलंत.