मडकेसाहेबांची भाऊबीज

कल्याण स्टेशनात आजवर जितके गोरे साहेब येऊन गेले, त्यांत सणांचा इतका भुकेला आणि मनाचा इतका सरळ माणूस दुसरा झाला नाही. आणि नेमकी त्यालाच मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी थाप मारली. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्या सवयींना आपण हसू लागाल, तेव्हा सांगणारा माणूस कोण आहे हे ध्यानात असलेलं बरं.

तो रुळांचा इन्स्पेक्टर होता आणि मी त्याच्या कचेरीतला कारकून. गोरा म्हणजे इंग्रज, अशी आमची समजूत. पण त्याला कोणी इंग्रज म्हटलं की तो कानापर्यंत लाल होई. "मी स्कॉच हाय! इंग्रज आमच्या खालच्या अंगाला राहतो." मराठी तो रुळांवरच्या आगरी मजुरांकडून शिकला होता, त्यामुळे लहानथोर सगळे त्याच्या लेखी अरे-तुरे. एकदा स्टेशनावर भर गर्दीत त्यानं मामलेदारांच्या खांद्यावर हात टाकून विचारलं, "काय रे, जेवलास काय?" मामलेदार पगडी सावरत "होय, होय" म्हणाले आणि पुढचे दोन महिने ठाण्याला बैलगाडीनं गेले.

गावानं त्याचं नाव मडकेसाहेब ठेवलं होतं. त्याच्या बंगल्यात फळीवर कुंभारवाड्यातली सात मडकी ओळीनं मांडलेली असत. प्रत्येकाच्या गळ्याला निराळ्या रंगाची चिंधी. पांढऱ्या चिंधीचं विलायतेतल्या आईचं, निळ्या चिंधीचं परतीच्या बोटीच्या भाड्याचं, मग स्वयंपाकाचं, धोब्याचं, औषधाचं, दारूचं, आणि शेवटचं हळदीत बुडवलेल्या चिंधीचं, ते सणांचं. पगाराच्या दिवशी साहेब जमिनीवर मांडी घालून बसे आणि रुपये वाटी. एका मडक्यातला पैसा दुसऱ्यात जाणं म्हणजे त्याला चोरी वाटे. महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी खानसामा कोंबडीसाठी पैसे मागायला आला, तर साहेबानं स्वयंपाकाच्या मडक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "हा झोपला." पहिल्या तारखेपर्यंत साहेब, खानसामा आणि खानसाम्याचं मांजर असे तिघेही वरणभातावर राहिले.

पुढे विलायतेत रुपयाचा भाव उतरू लागला. आईला तितकेच पौंड पाठवायला जास्त रुपये लागू लागले. मी सुचवलं, "साहेब, आईला थोडे कमी पाठवा. तिला सांगा, रुपया उतरला." तो म्हणाला, "रुपया उतरला, पंत. आई नाय उतरली." त्याच संध्याकाळी त्यानं दारूचं मडकं अंगणात नेऊन फोडलं. सणांच्या मडक्याला हात लावला नाही. तेवढं तरी आखडा, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "मग मी इथं कशाला राहू?"

याचं कारण मला फार उशिरा कळलं. त्याच्या गावच्या पाद्र्याला सण म्हणजे चैन वाटे. तिथं नाताळसुद्धा कोणी करत नसे. विशी उलटेपर्यंत त्यानं वर्षाचा पहिला दिवस तेवढा साजरा झालेला पाहिला होता. म्हणून इथं आल्यावर दुष्काळातून उठल्यासारखा तो सणांवर तुटून पडला. नाताळात ठाण्याच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांकडे जाऊन इतकं खाई की परतताना कोटाची बटणं उघडी. पहिल्या शिमग्याला मजुरांनी रुळांवर दोरी आडवी धरून त्याची ढकलगाडी अडवली आणि पोस्त मागितली. साहेबानं सणाच्या हिशेबातून माणशी चार आणे दिले आणि प्रत्येकाचा अंगठा घेतला. दुसऱ्या वर्षी पाहतो तो दोरीचं एक टोक साहेबाच्याच हातात, तोंडाला गुलाल, आणि अडवलेला माणूस मी! "पंत, पोस्त टाक, नायतर बोंब मारतो!" मी दोन आणे दिले. त्यानं माझाही अंगठा घेतला.

अशा माणसानं एका आश्विनात माझ्या मेजापाशी येऊन टोपी काढली. एरवी भीडभाड नसलेला माणूस त्या दिवशी टोपीची कड कुरतडत उभा. "पंत, माजी बहीण लांब हाय. बारा वर्सं झाली. तुजी ठकूताई भाऊबीजेला मला ओवाळंल काय?" ओवाळणीसाठी निराळं मडकं त्यानं चैत्रातच आणलं होतं.

ठकूताई माझी थोरली बहीण. दिवाळीला माहेरी आली होती. तिला विचारलं, तर ती करंज्या वळता वळता म्हणाली, "त्यात विचारायचं काय? ओसरीवर आणखी एक पाट मांड. एवढा बाप्या झालाय, त्याला कोणी ओवाळू नये होय रे?"

पण मी भ्यालो. माझ्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. गोऱ्याला घरात पाटावर बसवलं हे व्याह्यांच्या कानी गेलं असतं, तर बोलणं तिथंच मोडलं असतं आणि वर प्रायश्चित्त. साहेबाला हे सरळ सांगितलं असतं, तर त्यानं ऐकलं असतं. मी मात्र पाडव्याच्या दिवशी त्याच्या बंगल्यावर जाऊन पडेल आवाजात म्हटलं, "आम्हाला सुतक आलं. चुलते वारले." त्याचा चेहरा एवढासा झाला. काय झालं होतं, वय काय, मुलंबाळं किती? मी चुलत्यांना दमा दिला, चार मुलगे दिले, पेणला घर दिलं. साहेबानं डोळे पुसले. "तुजा चुलता, म्हणजे माजा पण. मिशी काढू काय?" मिशीला मी कसंबसं वाचवलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी ओसरीवर पाटावर बसलो होतो, ठकूताईच्या हातात तबक, दारात पणत्या, आत करंज्यांचा वास. इतक्यात अंगणात साहेब उभा! साहेबाच्या घरचं शिजवलेलं आमच्याकडे चालणार नाही, कोरडा शिधा चालेल, असं मजुरांच्या मुकादमानं त्याला सांगितलं होतं. म्हणून सुतकाच्या घरी द्यायला तांदूळ, डाळ आणि गूळ यांची गाठोडी तो स्वतः खांद्यावरून घेऊन आला होता. त्यानं पणत्यांकडे पाहिलं, माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं.

"पंत, चुलता बरा झाला काय?"

"कोणता चुलता?" ठकूताईनं विचारलं. मी मान खाली घातली. तिला सगळं तेवढ्यात कळलं. "या हो भाऊ," ती म्हणाली, "हं, ऊठ रे तू! या, इथं बसा."

"नाय ताई," साहेब म्हणाला. "सुतक हाय. मी पाळतो." शिधा पायरीवर ठेवून तो गेला.

आणि त्यानं ते खरोखर पाळलं. दहा दिवस दाढी न करता तो कचेरीत आला. लोक हसत, कोण गेलं म्हणून विचारत, तो सांगे, "पंताचा चुलता." मला एका शब्दानं बोलला नाही. फक्त पुढचा सण कोणता, हे विचारायला तो माझ्या मेजापाशी येईनासा झाला. संक्रांत गेली, शिमगा गेला. शिमग्याला माझ्या वाटेत कोणी दोरी धरली नाही.

वैशाखात मुलीचं लग्न पार पडलं. तेव्हा कुठे मला धीर आला, हेही लपवीत नाही. माणसांना भिऊनच थाप मारली होती, म्हणून माणसांदेखतच बोलायचं ठरवलं. साहेब त्यानंतर आणखी तीन दिवाळ्या कल्याणात होता, मग बोटीनं आपल्या देशी गेला; आज त्याची आई आहे की नाही, बहीण त्याला भेटली की नाही, मला ठाऊक नाही. पण लग्नानंतरच्या त्या सकाळी तो खाडीकडच्या रुळांवर हातोडीनं खिळे तपासत होता आणि भोवती वीसपंचवीस मजूर होते. मी उन्हात चालत गेलो, पगडी काढून हातात घेतली आणि म्हणालो:

"साहेब, मला चुलताच नाही. मी माझ्या लोकांना भ्यालो आणि तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही भाऊ म्हणून दारात आलात आणि मी तुम्हाला परका म्हणून परत जाऊ दिलं. ठकूताई येत्या दिवाळीला येईल, तेव्हा पाटावर बसायला या. गाव बघेल तर बघू दे. माझं चुकलं, मला क्षमा करा."