पोच घेतलेला प्रस्ताव

हेडक्लार्कनी स्वतःहून चहा मागवला, तेव्हाच मी सावध झालो. वर्ध्यातल्या या कॉलेजात शिकवायला लागल्यापासून त्यांच्या टेबलावर मला साधं पाणी मिळाल्याचंही आठवत नव्हतं.

माझ्या हातात नव्या विषयाचा प्रस्ताव होता. तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी, एका सत्रापुरता विशेष विषय : कापसाची ओळख. आमचं कॉलेज स्वायत्त असल्यामुळे असे विषय आम्हीच काढू शकतो, फक्त अभ्यास मंडळाच्या बैठकीत ते मंजूर व्हावे लागतात. बैठकीपुढे कोणता कागद जाईल आणि कोणता कपाटात झोपेल, हे हेडक्लार्कच ठरवतात अशी माझी पक्की समजूत होती.

विषय शिकवणार होते सिंदी मेघेत माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे एक म्हातारे ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. उभी हयात सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात गेलेली, शिक्षण सातवी. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी, मजबुती, ओल, सगळं सांगून मोकळे व्हायचे. त्यांची नात आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. मी कल्पना सांगितली तेव्हा ते हसले.

"म्हंजे पोरगी बाकावर आन् मी फळ्यापाशी?" ते म्हणाले. "सर, येवढं होऊन जाऊ द्या."

हेडक्लार्कनी प्रस्ताव नीट वाचला. शिकवणाऱ्याच्या शिक्षणाच्या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी प्राचार्यांच्या केबिनच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, हे राहू द्या माझ्यापाशी. आज आवकमध्ये टाकू नका."

"काऊन?"

"उन्हाळ्यात अजून एक बैठक हाय. तेव्हा टाकू. मी सांगून राह्यलो ना."

झालं. डोक्यात घंटा वाजायला एवढं पुरे होतं. माझ्या वडलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज असाच दोनदा 'राहू द्या माझ्यापाशी' म्हणत कुणीतरी ठेवून घेतला होता, आणि दोन्हीदा तो आलाच नाही असं ऑफिसानं सांगितलं. आमच्या लोकांचे कागद कसे हरवतात, हे वडलांनी मला बाराखडीच्या आधी शिकवलं. तळेगावहून मी वर्ध्याला शिकायला निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीतून त्यांनी शेवटचं सांगितलं तेही हेच, "कागद देला की पोच घेजो." तेव्हापासून मी पोच घेतल्याशिवाय कुठल्याही ऑफिसची पायरी उतरलेलो नाही. लाइट बिलाच्या तक्रारीचीसुद्धा पोच माझ्याकडे आहे.

"पोच द्या," मी म्हणालो.

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग ड्रॉवरमधून शिक्का काढला, आवक क्रमांक टाकला, सही केली. चहा तसाच राहिला. जिना उतरताना मला कोण आनंद झाला होता! मी त्या पोचेच्या तीन झेरॉक्स काढल्या, एक घरी, एक डिपार्टमेंटच्या कपाटात आणि एक गाडीच्या डिकीत.

तरी चैन नव्हतं. हेडक्लार्क प्राचार्यांच्या केबिनमधून बाहेर पडताना दिसले की वाटायचं, माझंच काहीतरी चाललंय. एकदा मला पाहून ते बोलता बोलता थांबले. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "डाव शिजून राह्यला." तिनं विचारलं, "त्यांनी तुमचं आजवर काय वाईट केलं?" मला एकही उदाहरण सुचलं नाही. ते मला जास्तच संशयास्पद वाटलं.

आवक क्रमांक पडल्यामुळे प्रस्ताव हिवाळ्यातल्या बैठकीपुढे गेला. एका सदस्यानं विचारलं, "शिकवणाऱ्याची पात्रता?" नियमात पदव्युत्तर पदवी लिहिली होती. पाच मिनिटांत विषय नामंजूर झाला. एकदा नामंजूर झालेला विषय दोन वर्षं पुन्हा आणता येत नाही, हेही तिथंच कळलं. तोवर नात पदवी घेऊन बाहेर पडणार होती.

मी तडक हेडक्लार्कच्या टेबलाशी गेलो. "झालं समाधान?"

त्यांनी विद्यापीठाकडून नुकतंच आलेलं एक पत्र पुढे सरकवलं. पुढच्या सत्रापासून पदवी नसलेल्या जाणकारालाही विशेष विषय शिकवता येणार होता.

"हे येनार असं कानावर होतं," ते म्हणाले. "लेखी नव्हतं, मंग दार उघडं असताना कसं सांगू? उन्हाळ्यात टाकलं असतं तर निघालं असतं. मी बी येऊन बसनार होतो मांगच्या बाकावर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला हवी होती. मी "बरं" म्हणालो आणि निघालो.

संध्याकाळी ग्रेडर घरी आले. हातात रुईच्या पाच पुड्या होत्या, प्रत्येकीवर नातीच्या अक्षरात वाणाचं नाव. विषय मंजूर झाला नाही, हे मी सांगितलं. त्यांनी पुड्या मांडीवर घेतल्या.

"कोनं अडवलं, सर?"

"ऑफिसात अडकलं."

"मले वाटलंच होतं. तुमी पोच नाई घेतली का?"

"घेतली होती."

"पोच असून अडवलं? मंग मुद्दामच केलं त्या बाबूनं."

मी त्यांना थांबवलं नाही. त्यानंतर दर रविवारी आमच्या विहारात हेडक्लार्क समोर आले की ग्रेडर मान फिरवून घ्यायचे, आणि मी चपला शोधत राहायचो.

दोन वर्षं सरली. नात पास होऊन नागपूरला नोकरीला लागली. ग्रेडरचा हात आता थोडा कापतो, पण अजून विचारतात, "आपल्या विषयाचं काय झालं?" म्हणून परवा तोच प्रस्ताव पुन्हा टाइप करून मी ऑफिसात गेलो. या वेळी आधी विचारायचं, आता टाकू की थांबू, असं जिन्यातच ठरवलं होतं.

हेडक्लार्कनी मला पाहिलं. कागद टेबलाला टेकायच्या आत त्यांनी शिक्का काढला, आवक क्रमांक टाकला, सही केली.

"घ्या सर, पोच."

त्यांनी मान वर केली नाही. मी पोचेची घडी घालून खिशात ठेवली आणि जिना उतरलो.