सनद असलेले वारसदार

सत्तावन्नच्या बंडाला शंभर वर्षं होत होती, तेव्हा मी तळोद्याच्या मराठी शाळेत शिकवत होते. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी एक मंडळ काढलं होतं. बंडात लढलेल्या नाईक-जमादारांच्या वंशजांचं. साधा शिपाई त्यात बसत नव्हता, आणि सभासद घरातला फक्त थोरला मुलगा. अध्यक्ष एक वकील होते. माझ्या वडिलांनी मला मोडी शिकवलेली, म्हणून हेडमास्तरांनी मला जुने कागद वाचायला आणि वंशावळी उतरवून घ्यायला पाठवलं. दर रविवारी मी वकिलांच्या ओसरीवर वही घेऊन बसायचे. सुरुवातीला मला त्याचा अभिमानही वाटायचा.

एका रविवारी डोंगरातल्या एका पाड्यावरून एक भिल्ल म्हातारा आला. पहाटेपासून चालत आला होता. त्याचा आजा पलटणीत नाईक होता, पलटण सोडून बंडात गेला आणि पकडला गेल्यावर फासावर चढला. हे सगळं त्याने मोडक्यातोडक्या अहिराणीत उभ्यानेच सांगितलं, कारण त्याला कुणी बस म्हटलं नाही. वकिलांनी कागद मागितला. कागद नव्हता. मग म्हाताऱ्याने डोळे मिटून आपल्या घराण्याची नावं म्हटली, आज्याच्या आज्यापासून स्वतःपर्यंत, कुठेही न अडखळता. मी लिहायला लागले तर वकिलांनी हाताने थांबवलं. तोंडी पुरावा चालत नाही, मामलेदार कचेरीतून दाखला आणा, असं त्यांनी सांगितलं.

तो कचेरीत गेला. तिथे अर्थातच काही मिळालं नाही. तो पुन्हा आला, आणि मग तिसऱ्यांदाही आला. तिसऱ्या खेपेला त्याने शांतपणे विचारलं, "ज्याले फाशी दिधी, त्यान्हा घरले कागद कोन देई?"

वकिलांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मी वहीचं पान उलटलं.

त्याच महिन्यात तापीकाठचा एक मोठा जमीनदार सनद घेऊन आला. रेशमी कापडात गुंडाळलेली, शिक्क्याची. मोडी त्याच्या घरात कुणाला वाचता येत नव्हती, पण आपला पणजा बंडात लढल्याचा हा पुरावा, असं तो म्हणाला. वकील उठून उभे राहिले, आतून चहा आला. सनद माझ्यापुढे ठेवली. मी वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. बंडवाल्या नाईकास धरून देण्याकामी सरकारास मदत केली, सबब इनाम जमीन दिली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नाईकाचं नाव होतं, पाड्याचंही होतं. म्हाताऱ्याने सांगितलेलं तेच नाव, तोच पाडा.

जमीनदार गेल्यावर मी वकिलांना ते वाचून दाखवलं. त्यांनी सनद घडी घालून ठेवली. "बाई," ते म्हणाले, "तुमचं काम वाचायचं. अर्थ आम्ही लावू."

मी वहीत सनदेतली वाक्यं जशीच्या तशी उतरवली. पुढच्या रविवारी वही नवी होती, अक्षर दुसऱ्याचं होतं, आणि मला येण्याची गरज उरली नव्हती.

सत्काराचा कार्यक्रम आमच्याच शाळेच्या पटांगणात झाला. गुलाबी फेटे, छातीवर पितळी बिल्ले. जमीनदार पहिल्या रांगेत. माझ्या वर्गातल्या मुली स्वागतगीत म्हणत होत्या, आणि पेटी मीच वाजवत होते. त्याची लाज मला अजून वाटते. म्हातारा मागे कुंपणापाशी उकिडवा बसला होता. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याजवळ गेले आणि सनदेत काय लिहिलंय ते सांगितलं. मला वाटलं, तो चिडेल. तो म्हणाला की धरून कुणी दिलं हे पाड्यावरच्या पोराठोरांनाही ठाऊक आहे. त्याला बिल्ला नको होता. "मन्हा आजानं नाव एकदाव भोंगामा बोलतात, बस."

एवढंच मागणं होतं. एकदा लाउडस्पीकरवरून एक नाव.

सोमवारी मी चौथीच्या वर्गात फळ्यावर ते नाव लिहिलं. कुणी लढलं, कुणी पकडून दिलं आणि इनाम कुणाला मिळालं, हेही सांगितलं. मुलांनी ते घरी सांगितलं. आठवड्यात हेडमास्तरांनी बोलावून घेतलं, माफीपत्र लिहून द्या म्हणाले. मी दिलं नाही. महिनाभरात म्हसावदला बदली झाली.

मंडळ पुढे पाच-सहा वर्षं चाललं. अध्यक्षपदावरून दोन चुलतभावांत कोर्टकचेरी झाली आणि ते बंद पडलं. म्हातारा त्याआधीच गेला. मला हे म्हसावदच्या बाजारात त्याच्या पाड्यावरच्या बायकांकडून कळलं.

त्याच्या आज्याचं नाव मी इथे लिहीत नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय ते छापण्याचा हक्क मला नाही. पण म्हसावदला असेपर्यंत दरवर्षी चौथीला मी ते शिकवलं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी सांगितलं, कुठल्याच नाही. त्यांनी शेऱ्यात तसं लिहिलं. मी खाली सही केली आणि पुढचा धडा घेतला.