सिदूच्या नावाची पायरी

केजच्या बसस्थानकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राधाकिशन दगडावर अक्षरं कोरतात. वय एकसष्ट. पूर्वी घरांची नावं, उद्घाटनाच्या पाट्या, देवळांच्या देणगीदारांची नावं असं काम असे. २०२१च्या उन्हाळ्यानंतर पाच महिने त्यांनी फक्त करोनात गेलेल्यांची नावं कोरली. प्रत्येक नावाखाली एकच ओळ: ‘यांच्या स्मरणार्थ’.

दसऱ्यानंतर तेलगावकडच्या दगडाबाई आल्या. नवरा सिदू अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. तो जिवंत घरी आला तर मरीआईच्या देवळाला त्याच्या नावाची पायरी बसवीन, असा नवस त्या बोलल्या होत्या, आणि सिदू बरा होऊन घरी आला होता. ऊसतोडीचा ट्रॅक्टर बुधवारी निघणार होता आणि नवस फेडल्याशिवाय त्या गाव सोडणार नव्हत्या.

मंगळवारी सकाळी दोघं जीप घेऊन दगड न्यायला आले. दगडाबाईंना वाचता येत नाही, सिदूला येतं. त्यानं दगड पाहिला.

“मामा, मला कवा पोचवलं?”

राधाकिशनांनी वाकून पाहिलं. हातानं सवयीनं नावाखाली तीच ओळ कोरली होती.

“काय लिवलंय?” दगडाबाईंनी विचारलं.

“मी मेलो म्हणून,” सिदू हसत म्हणाला.

“आन् तुमी हसतायसा? असला दगड आईपुढं न्यायचा न्हाई.”

“चूक माझी हाय, बाई,” राधाकिशन म्हणाले. “दुपारपर्यंत थांबा.”

नवा दगड कोरायला दिवस गेला असता. त्यांनी ग्राइंडरनं तेवढीच ओळ घासून काढली. तिथं खोलगट पट्टा राहिला. आता काय लिहू, असं त्यांनी विचारलं.

“बरा झाला. एवढंच लिवा,” दगडाबाई म्हणाल्या.

ते दोन शब्द कोरून राधाकिशनांनी शेडला कुलूप लावलं आणि पायरी बसवायला स्वतः जीपमध्ये बसले. त्या बाईचे आपल्यावर उपकार आहेत, असं ते आजही सांगतात. पाच महिन्यांत बरं झालेल्या माणसाचं नाव त्यांच्याकडे कोणी आणलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत पायरी बसली. स्वतःच्या नावावर पाय द्यायला सिदू कचरत होता.

“लई विचार करू नका, चढा,” दगडाबाई म्हणाल्या. “तेवढ्यासाठीच बसवलीय.”

सिदू चढला. त्याच्यामागून त्या चढल्या, नारळ फोडला. बुधवारी पहाटे ट्रॅक्टर निघाला तेव्हा दोघंही त्यात होते.